गवंड्याच्या मुलाने स्थापत्य अभियंता व्हावे काय?

दहावीचा निकाल लागला की वसतिगृहाच्या व्हरांड्यात पालकांची वर्दळ सुरू होते. कोणाला शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो, कोणाला बोनाफाईड, आणि बहुतेकांना एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते : आता पुढे काय? गेल्या जूनमध्ये आलेल्या एका पालकांचा प्रश्न मात्र थोडा निराळा होता. व्यवसायाने ते गवंडी. वाठोड्याकडे एका इमारतीचे काम सुरू होते, तेथून अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेले. चपलेवर सिमेंटचा थर वाळलेला. मुलाला गणितात उत्तम गुण होते आणि त्याने घरी जाहीर करून टाकले होते की, मला सिव्हिलच करायचे आहे. वडील म्हणाले, "सर, जिंदगी गेली घमेले उचलण्यात. आता पोट्टंबी सिमेंटातच घालू का?"

त्या दिवशी मी दिलेले उत्तर गुळमुळीत होते. 'मुलाचा कल पाहा' वगैरे. इतिहासाचा शिक्षक याहून अधिक काय सांगणार, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. परंतु त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. पुढचे दोन महिने मी आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना, जे या शाखेत गेले त्यांना, एकेक करून गाठले. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या गृहस्थांना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर येथे मांडतो. त्यात काही आकडे आहेत. आपल्या समाजात शिक्षणाविषयी श्रद्धेने पुष्कळ बोलले जाते आणि हिशेबाने फार थोडे, म्हणून आकड्यांना कंटाळू नये, ही विनंती.

मी नंदनवनात राहतो. सकाळी शाळेकडे निघालो की वाटेत कर्मवीर दादासाहेब कन्नमवार अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे चाललेली मुले दिसतात. नागपूरकर ज्याला 'केडीके' म्हणतात ते हे महाविद्यालय. आणि त्याच वेळी थोड्या अंतरावर, चौकात, मजुरांचा ठिय्या भरलेला असतो. टिकाव-फावडे घेतलेले पुरुष, डब्याची पिशवी धरलेल्या रेजा, 'किती माणसं पाहिजेत' म्हणून दुचाकी थांबवणारे ठेकेदार. एका रस्त्यावरची ही दोन दृश्ये आहेत. एकाच इमारतीचा नकाशा एका बाजूला शिकवला जातो आणि तिचा भार दुसऱ्या बाजूला उचलला जातो. या दोन बाजूंमधील अंतर किती रुपयांचे आणि किती वर्षांचे आहे, हाच आपला विषय.

केडीकेची स्थापना १९८४ ची. त्याच वर्षी नागपुरात यशवंतराव चव्हाण आणि रामदेवबाबा ही अभियांत्रिकी महाविद्यालयेही निघाली. हा योगायोग नव्हता. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि राज्यभर ती उभी राहिली. त्यापूर्वी नागपूरच्या मुलासमोर १९६० साली सुरू झालेले विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे व्हीएनआयटी, हाच मुख्य दरवाजा होता आणि तो अरुंद होता. १९८३ च्या निर्णयाने दरवाजे वाढले, त्याचबरोबर प्रत्येक दरवाजावर शुल्काची पाटीही लागली. आपल्या मुलांसाठी ती पाटी शिष्यवृत्तीने बरीचशी झाकली गेली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

तर प्रथम शुल्काविषयी. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आहे, त्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्याहून अधिक असल्यास फ्रीशिपमधून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क भरले जाते. अट एवढीच की प्रवेश केंद्रीकृत फेरीतून झालेला असावा आणि जात पडताळणीचे प्रमाणपत्र हाती असावे. या 'एवढीच' शब्दात अनेकांची घरे बुडाली आहेत. आपल्याच शाळेचा एक गुणी मुलगा फेरीत नाव आले नाही म्हणून घाबरला. कोणा ओळखीच्याने नागपूरबाहेरच्या एका महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून जागा मिळवून दिली. त्या जागेला शिष्यवृत्ती लागू नाही, हे पहिल्या वर्षाच्या अखेरीस कळले. उमरेडकडची दीड एकर जमीन विकली गेली, दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, तिसऱ्या वर्षी शुल्क थकले म्हणून गुणपत्रिका अडली. तो आज एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. कामात हुशार आहे. साइटवरचे अभियंते त्याला विचारून काम करतात. त्याच्या नावापुढे पदवी नाही आणि वडिलांच्या नावे जमीन नाही.

पण जिथे शिष्यवृत्ती व्यवस्थित मिळते, तिथेही पदवी फुकट पडत नाही. माझ्या मते आपल्या पालकांची सर्वांत मोठी चूक हीच की, ते शुल्कालाच खर्च समजतात. खेड्यातून नागपुरात राहून शिकणाऱ्या मुलाचा साधा हिशेब मांडू. खोली आणि खाणावळ मिळून महिन्याला सहा हजार धरले, तर दहा महिन्यांचे साठ हजार. चार वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. पुस्तके, ड्रॉइंगचे साहित्य, प्रकल्प, बसपास यांचे वर्षाला पंधरा हजार; चार वर्षांचे साठ हजार. संगणक पंचेचाळीस हजारांचा. इथवर साडेतीन लाखांच्या आत आहोत. आता ज्याचा हिशेब कोणी करत नाही तो आकडा. हाच मुलगा वडिलांच्या हाताखाली कामाला गेला असता, तर दिवसाला पाचशे रुपयांप्रमाणे वर्षातल्या अडीचशे दिवसांचे सव्वा लाख घरात आले असते. चार वर्षांत पाच लाख. म्हणजे एक रुपयाही शुल्क न भरता गवंड्याच्या घराने साधारण साडेआठ लाखांची गुंतवणूक केलेली असते, आणि त्यातला मोठा भाग हा न मिळालेल्या मजुरीचा असतो. श्रीमंताच्या मुलाला हा भाग लागू नाही, कारण त्याने तसेही घमेले उचलले नसते.

राहण्याखाण्याच्या खर्चासाठी 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला नागपूरसारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला साठ हजार रुपये देण्याची तिच्यात तरतूद आहे. वरचा हिशेब तिने जवळजवळ भरून निघतो, पण रक्कम येते उशिरा आणि घरमालक थांबत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा केंद्राचा साठ टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. त्यातले शुल्क महाविद्यालयाला द्यायचे असते. घरात आजारपण निघाले, बहिणीचे लग्न निघाले की तो पैसा तिकडे जातो आणि शेवटच्या वर्षी महाविद्यालय एकरकमी मागणी करते. मी याला मुलांचा अप्रामाणिकपणा म्हणणार नाही. ज्या घरात आयुष्यात कधी पन्नास हजार एकत्र आले नाहीत, त्या घराच्या खात्यात ते येऊन महिनाभर पडून राहावेत, ही अपेक्षाच कठोर आहे. तथापि पालकांनी हे आधीच जाणून घेतलेले बरे.

आणखी एक योजना आहे, जिची माहिती ठिय्यावरच्या दहांपैकी आठांना नसते. १९९६ च्या कायद्यानुसार बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना अभियांत्रिकी पदवीसाठी वर्षाला साठ हजार रुपयांचे सहाय्य मंडळ देते. नोंदणीसाठी वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ज्या गवंड्याने तीस वर्षे भिंती उभ्या केल्या, त्याला नव्वद दिवसांचा कागद मिळत नाही, कारण दर आठवड्याला त्याचा ठेकेदार बदलतो! मुलाचे शिक्षण ज्या पैशातून व्हायचे तो पैसा बापाच्याच घामावर गोळा झालेला आहे, एवढे तरी त्याला कोणी सांगायला हवे.

आता मोबदल्याकडे वळू. नागपुरात बांधकाम नाही असे कोण म्हणेल? मार्च २०१९ मध्ये मेट्रो धावली. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये खुला झाला. खरबी, वाठोडा, बेसा, जिकडे पाहावे तिकडे सळाखी उभ्या आहेत. एवढे काम असताना नवख्या अभियंत्याचा पगार किती? माझ्या माजी विद्यार्थ्यांनी सांगितलेले पहिल्या नोकरीचे आकडे बारा हजारांपासून अठरा हजारांपर्यंत आहेत. एकाला वीस मिळाले. त्याला साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहावे लागत होते. त्याच साइटवर कसबी मिस्त्री दिवसाला आठशे-नऊशे रुपये घेतो, महिन्यात पंचवीस दिवस भरले तर वीस हजारांवर जातो. म्हणजे साडेआठ लाख गुंतवून गवंड्याचा मुलगा पहिल्या दिवशी आपल्या बापापेक्षा कमी कमावतो.

हे ऐकून पालक हताश होतात, म्हणून पुढचेही ऐकले पाहिजे. मिस्त्रीची मजुरी पावसाळ्यात आटते, आजारपणात बंद होते आणि पन्नाशीनंतर पाठ आणि गुडघे जेवढी परवानगी देतील तेवढीच उरते. अभियंत्याचा पगार पहिली तीन-चार वर्षे रांगतो. या काळात जो फक्त मजुरांवर देखरेख करत राहतो, तो तिथेच अडकतो. जो देयके तयार करणे, परिमाणे काढणे, नकाशावरून सळाखींची यादी करणे आणि कामाचे वेळापत्रक बसवणे शिकतो, त्याचा पगार पाचव्या-सहाव्या वर्षी दुप्पट-तिप्पट होतो. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे असे झाले. फळ उशिरा येते, आणि ते येईपर्यंत कोणाच्या खिशातून खायचे हा खरा प्रश्न आहे. म्हणूनच या शाखेसाठी बँकेचे कर्ज काढताना मी पालकांना थांबवतो. दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने घेतले, तर शिक्षणाची चार वर्षे आणि सवलतीचे एक वर्ष संपेपर्यंत त्यावर सुमारे एक लाख चाळीस हजार व्याज चढते. पाच लाख चाळीस हजारांची दहा वर्षांत परतफेड करायची, तर दरमहा सात हजारांहून थोडा अधिक हप्ता पडतो. पंधरा हजारांच्या पगारातून सात हजार गेल्यावर तो मुलगा घरी काय पाठवणार?

मग मार्ग काय? माझे मत स्पष्ट आहे. आपल्या शाळेतून दहावी होणाऱ्या, स्थापत्याची ओढ असणाऱ्या बहुतेक मुलांनी अकरावी-बारावीच्या वाटेने न जाता तंत्रनिकेतनात पदविका करावी. बारावीनंतर चार वर्षे म्हणजे दहावीनंतर सहा वर्षे. पदविकेची तीन वर्षे आणि थेट द्वितीय वर्षातून पदवीची तीन वर्षे, हीही सहाच. काळ एक दिवसानेही वाढत नाही. फरक असा की, पदविकेच्या वाटेवर मध्यंतरी, अठरा-एकोणिसाव्या वर्षी, हाती एक चलनी कागद असतो. घरावर संकट आले तर तिथे थांबता येते. बारावी विज्ञान होऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षी थांबलेल्या मुलाच्या हाती काहीच नसते. वर सांगितलेला मुलगा त्याचेच उदाहरण. शिवाय जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभागातील कनिष्ठ अभियंत्याच्या पदाला स्थापत्याची पदविका पुरते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. २०२३ मध्ये सार्वजनिक बांधकाम विभागाने दोन हजारांहून अधिक पदांची जाहिरात काढली, त्यात कनिष्ठ अभियंता आणि स्थापत्य अभियांत्रिकी सहायक या पदांचाच मोठा वाटा होता. अशी जाहिरात दरवर्षी येत नाही हेही खरे; तिच्या भरवशावर सात-आठ वर्षे अभ्यासिकेत बसलेली पदवीधर मुलेही मी पाहिली आहेत.

नागपूरचे शासकीय तंत्रनिकेतन १९१४ पासूनचे आहे, सदरमध्ये. तेथे जागा मिळाली तर दुसरा विचार करू नये. मात्र ज्याची खरोखर जेईईची तयारी आहे आणि व्हीएनआयटीत जाण्याची कुवत आहे, त्याने अकरावी-बारावी जरूर करावी. व्हीएनआयटीच्या निम्म्या जागा राज्यातल्याच मुलांसाठी असतात. पदविकेहून पदवीला गेलेली मुले द्वितीय वर्षाच्या गणितात ठेचकाळतात, ही तक्रार मी प्रत्येकाकडून ऐकली. ती सुट्टी गणिताला दिली की हा अडथळा ओलांडता येतो.

स्वतःच्या ठेकेदारीचा मार्ग मी मुद्दाम शेवटी ठेवला. शासनाच्या लहान कामांत सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी ३३ टक्के वाटा ठेवलेला आहे. त्यातून काही मुले उभी राहिली. पण देयके थकली की लहान माणूस आधी मोडतो. २०२५ मध्ये थकीत देयकांसाठी राज्यभरच्या ठेकेदारांनी आंदोलने केली, त्यांत मोठे तगले. मागे भांडवल नसताना हे धाडस करू नये.

इथपर्यंत मी हिशेबनीसासारखे लिहिले. आता त्या गृहस्थांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्यांनी पगार विचारलाच नव्हता. 'सिमेंटातच घालू का' या शब्दांत पिढ्यांचा कंटाळा होता. जे काम अंगावर लादले गेले त्याच्या आसपासही मुलाने फिरकू नये, ही भावना मी समजू शकतो. माझ्या वडिलांनीही मला वही-पेनाच्या नोकरीतच पाहिले होते. मी इतिहासात एम.ए. केले, आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी कला शाखाच घेतली. बाबासाहेबांना मात्र हे मान्य झाले असते असे वाटत नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केले, त्यात कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा अस्पृश्यांना फारसा उपयोग नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणाची गरज आहे, असे त्यांनी बजावले आहे. स्वतः बॅरिस्टर असलेल्या माणसाने हे लिहावे! ते शिक्षण खर्चिक आहे म्हणून सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, ही त्यांची मागणी होती. १९४४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिच्यावर आज आपली मुले शिकतात, ती त्याच प्रयत्नांतून आली. मजूर खात्याकडे तेव्हा पाटबंधारे, वीज आणि बांधकामाचेही काम होते. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजनांना बाबासाहेबांनी दिशा दिली. धरण कोठे बांधावे या चर्चेच्या अध्यक्षस्थानी ते बसत होते, आणि त्यांच्या समाजातील माणसे मात्र धरणाच्या पायथ्याशी दगड फोडत होती.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची गोष्ट आहे. त्याने भिक्खूंसाठी विहार बांधायला घेतला. स्वतः चिखल मळला, विटा रचल्या. कसब नसल्याने भिंत वाकडी उठली आणि कोसळली. असे तीनदा झाले. तेव्हा तो रागाने म्हणाला की, जे चीवर आणि अन्न देऊ शकतात त्यांना हे श्रमण मार्गदर्शन करतात, मी गरीब म्हणून मला कोणी सांगत नाही. भगवंतांच्या कानी हे गेल्यावर त्यांनी बांधकामावर देखरेख करणारा भिक्खू नेमण्याची अनुज्ञा दिली. शिंप्याकडे श्रद्धा होती, श्रमही होते. भिंत पडत होती ती ज्ञान दुसरीकडे असल्यामुळे.

याची आठवण मला १ जुलै २०२४ रोजी झाली. दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या खोदकामामुळे स्तूपाला धोका पोहोचेल, या भीतीने हजारो लोक जमले होते आणि त्याच दिवशी शासनाने कामाला स्थगिती दिली. मीही तिथे होतो. ज्या स्तूपाचे १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झाले, त्याच्या शेजारी तो खड्डा पाहून माझ्याही पोटात गोळा आला. गर्दीच्या कडेला आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी भेटली. तिची आई रेजा होती. ही तंत्रनिकेतनातून पदविका आणि नंतर पदवी करून आता एका सल्लागार कार्यालयात आहे. मी तिला विचारले, "बाई, स्तूपाला धोका आहे की नाही?" ती म्हणाली, "सर, मातीचा अहवाल आणि पायाचा नकाशा पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही. इथे कोणालाच सांगता येणार नाही." मग तिने खाली बसून काडीने धुळीत रेघ ओढली आणि खोदकामाची खोली, पायापासूनचे अंतर, भूजलाची पातळी, बाजूची माती धरून ठेवणारी भिंत यांचा संबंध मला पंधरा मिनिटांत समजावला. सभोवती घोषणा सुरू होत्या. त्या घोषणा रास्त होत्या, आणि त्या दिवशी मला भेटलेल्या माणसांत काय विचारायचे ते नेमके माहीत असलेली ती एकटीच होती.

तिच्या शिक्षणाचा खर्च किती आला आणि पगार किती, हे मी वर दिलेल्या आकड्यांत मिळवलेले आहे. तो धुळीतला नकाशा मला कोणत्या रकान्यात मांडावा ते कळले नाही.

त्या गवंड्याला मी पुन्हा बोलावून घेतले आणि हे सर्व, एवढ्या शब्दांत नाही, पण सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे सर, पयले पाच-सहा साल मलेच पोसा लागंल न त्याले?" मी हो म्हणालो. मुलाचा तंत्रनिकेतनातील प्रवेश झाला आहे. जात पडताळणीचा अर्ज दाखल आहे. बांधकाम कामगार म्हणून वडिलांची नोंदणी मात्र अजून अडली आहे. नव्वद दिवसांच्या प्रमाणपत्रावर सही करायला तीनपैकी एकच ठेकेदार तयार झाला असून, त्याच्याकडचे दिवस भरतात एकसष्ट.